जाडी मात्र चोख

"टेबल तेवढं तुमच्याकडून येऊ द्या," असं व्याही म्हणाले असते, तर साहेबांनी दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन एक टेबल पसंत केलं असतं आणि सगळं तिथेच मिटलं असतं. पण व्याही म्हणाले, "टेबलाचं तुम्ही मनावर घेऊ नका." जगात आजवर जी माणसं खड्ड्यात पडली, त्यांतली निम्मी तरी 'मनावर घेऊ नका' हे ऐकूनच पडलेली आहेत.

व्याह्यांचं फर्निचरचं दुकान होतं, दुमजली, काचेचं. लेक-जावई नव्या घरात राहायला गेले तेव्हा पलंग, कपाट, सोफा असं एकेक त्या दुकानातून रवाना झालं. आता जेवणाच्या टेबलाचा नंबर लागणार, तेवढ्यात साहेबांच्या तोंडून निघून गेलं की टेबल आपण स्वतःच्या हातांनी करणार, आणि तेही अख्ख्या लाकडाचं. भुसा दाबून वरून कागद चिकटवलेलं नव्हे. यातलं शेवटचं वाक्य त्यांना खरं म्हणजे मनातल्या मनात म्हणायचं होतं. ते बाहेर कसं पडलं हे त्यांना अजून कळलेलं नाही. व्याही हसले. दुकानदाराचं हसू ते, त्यातून काही कळत नाही.

लेकीने मात्र बापाची बाजू घेतली. सासऱ्यांनी देऊ केलेलं टेबल तिने परत पाठवलं आणि सांगितलं, बाबा करणार म्हणालेत म्हणजे करणार. तेव्हापासून चार महिने ती आणि जावई इस्त्रीच्या टेबलावर ताटं ठेवून जेवत होते. इस्त्रीचं टेबल एका बाजूला निमुळतं असल्याने जावयाला रोज निमुळत्या बाजूला बसावं लागे. फोनवर लेक कधी टेबलाचा विषय काढत नसे, फक्त म्हणे, "बाबा, घाई नाही." बापाला याहून मोठी घाई कुठली असते?

साहेब वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. एकतीस वर्षं त्यांनी दुकानादुकानांतून तराजू तपासले, लिटरची मापं उपडी करून बुडं ठोकून पाहिली, कापडवाल्यांच्या मीटरपट्ट्या जप्त केल्या. एका जुन्या वाण्याला त्यांनी छटाकभर तुटीसाठी तीन वेळा कचेरीत बोलावलं, तेव्हापासून बाजारात त्यांचं नाव 'छटाकसाहेब' पडलं. तोंडावर अर्थातच नुसतं 'साहेब'. या सगळ्या काळात त्यांनी स्वतः काहीही बनवलं नव्हतं. खुंटीसुद्धा ठोकली नव्हती. पण दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला आपलं काम चुकेल अशी शंका येत नाही. शंकेची त्याची सगळी रसद बाहेरच्यांवर खर्च झालेली असते.

लाकूड चालत आलं. सोसायटीच्या आवारातलं एक जुनं झाड वाऱ्याने मुळासकट आडवं झालं, आणि पडलं ते नेमकं सेक्रेटरींच्या पार्किंगवर. पार्किंगचं छप्पर बसलं. साहेबांनी गॅलरीतून ते पाहिलं आणि बायकोला हाक मारून म्हणाले, टेबल आलं. बायकोने खाली पाहिलं, मग साहेबांकडे पाहिलं, आणि "हो का? मग चादर घालते," म्हणून आत गेली.

सेक्रेटरींना झाड हलवायचंच होतं. ते म्हणाले, खुशाल न्या. फक्त आधी उद्यान खात्याची परवानगी आणा, नाहीतर दंड सोसायटीला बसेल. साहेबांनी हात झटकला. सरकारी कचेरी म्हणजे त्यांचं माहेर. सकाळी दहाला जाऊन साडेदहाला परवानगी घेऊन येतो, असं सांगून ते निघाले ते एकवीस दिवसांनी परवानगी घेऊन आले.

उद्यान खात्यातला कारकून तरुण होता, शांत होता, आणि त्याचा आवाज साहेबांना फार ओळखीचा वाटला. त्याने सांगितलं की पडलेल्या झाडासाठी वेगळा फॉर्म नाही. फॉर्म आहे तो झाड पाडण्याच्या परवानगीचा. तो भरायचा, त्यावर पाहणी होणार, परवानगी मिळणार, मग झाड पाडायचं, आणि पाडल्यावर ते आपोआप पडलेलं झाड होईल. साहेबांनी सांगितलं, झाड पडून आठ दिवस झाले. कारकून म्हणाला, मग ते परवानगीशिवाय पडलंय, आणि त्याचा खुलासा जोडावा लागेल. साहेबांनी खुलासा लिहिला. झाडाच्या वतीने लिहावा लागल्यामुळे भाषा जरा नरम ठेवावी लागली.

पुढचा रकाना घेराचा होता. साहेबांनी घेर आधीच मोजून आणला होता, सुतासुताचा हिशेब होता. कारकुनाने विचारलं, कशाने मोजलात? साहेबांनी अभिमानाने खिशातून आपली पोलादी टेप काढून पुढे केली. कारकुनाने ती उलटीसुलटी करून पाहिली आणि परत दिली. टेपवर यंदाचा पडताळणीचा शिक्का नव्हता. शिक्का नसलेल्या मापाने मोजलेली नोंद ग्राह्य धरता येत नाही, असं परिपत्रक होतं. त्या परिपत्रकाखाली सही कोणाची होती ते साहेबांनी पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती.

"नियम काही मी केलेले नाहीत, काका," कारकून म्हणाला.

एकतीस वर्षं साहेब हेच वाक्य म्हणत आले होते. 'काका' सुद्धा तसंच, त्याच जागी. ते ऐकणाऱ्याच्या पोटात नेमकं कुठे लागतं हे मात्र त्यांना त्या दिवशी कळलं. आपल्याच जुन्या खात्यात, आपणच बसवलेल्या रांगेत, आपणच लावलेल्या बाकावर ते टेपला शिक्का मारून घ्यायला दोन दिवस बसले. एकवीस दिवसांनी परवानगीपत्र मिळालं. त्यात अट होती की झाड पाडताना शेजारच्या बांधकामाला इजा होऊ नये. सेक्रेटरींनी ते वाचून आपल्या बसलेल्या छपराकडे पाहिलं आणि पत्र फायलीला लावलं.

आता करवत. यंत्रं भाड्याने देणाऱ्याकडून साहेबांनी पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत आणली, आणि तिच्या पात्याला बसवायची एक लोखंडी चौकट. भाडेवाल्याने सगळं समजावून सांगितलं. ओंडक्यावर आधी एक सरळ लांब वस्तू ठोकायची, शिडी म्हणा किंवा फळी. तिच्यावरून चौकट ढकलत न्यायची, म्हणजे खाली पातं लाकूड चिरत जातं. पहिला काप झाला की शिडी काढून टाकायची. पुढच्या वेळी चौकट त्या कापलेल्या सपाटीवरूनच चालते. साखळीसुद्धा दोन तऱ्हेची असते, आडवं तोडायची वेगळी आणि उभं चिरायची वेगळी. साहेबांनी सगळं वहीत उतरवून घेतलं. भाडेवाला शेवटी म्हणाला, "साहेब, पहिला काप सांभाळा. पुढचे सगळे त्याची नक्कल करतात." साहेब हसले. फाइलवरच्या पहिल्या शेऱ्याची पुढचे सगळे अधिकारी नक्कल करतात हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं.

एका शुक्रवारी काम सुरू झालं. लेकीला त्यांनी कळवून टाकलं होतं की पुढच्या आठवड्यातल्या रविवारी सगळ्यांनी या, अण्णांनाही आणा. सासऱ्यांना ती अण्णा म्हणे. साहेब कानांवर मफलर, डोळ्यांवर गॉगल आणि डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट अशा वेषात खाली उतरले. हेल्मेट बायकोने घालायला लावलं होतं. तिचं म्हणणं असं होतं की डोक्याला काही व्हायचं उरलेलं नाही, पण लोक बघतात.

लोक खरोखरच बघत होते. दुपारच्या वेळी सोसायटीत इतकी माणसं घरी असतात हे साहेबांना नवीन होतं. प्रत्येकाकडे एक सल्ला होता, आणि लाकडाशी त्याचा संबंध असलाच पाहिजे असं काही नव्हतं. तळमजल्यावरचे बँकवाले म्हणाले, ओंडक्याखाली आडवे ठोकळे घाला, नाहीतर गडगडेल. हा एकच सल्ला कामाचा होता, आणि बँकवाल्यांना मुळीच मोजत नसल्यामुळे साहेबांनी तो मानला नाही. ओंडका गडगडला. मग ठोकळे घातले. एका आजोबांनी सांगितलं, लाकूड चिरताना बोलू नये. पण ते स्वतः बोलत होते, आणि थांबले नाहीत.

करवत सुरू व्हायला एक तास लागला. सुरू झाल्यावर चार इंच आत गेली आणि कर्रर्र आवाज करून ठिणग्या उडाल्या. खोडात एक खिळा होता. खिळा सेक्रेटरींचा निघाला. दहा वर्षांपूर्वी त्यांनी त्या झाडाला एक पाटी ठोकली होती. पाटी गेली, खिळा आत राहिला, वरून साल वाढली. पाटीवर काय होतं असं कोणीतरी विचारलं. सेक्रेटरी म्हणाले, 'झाडांना खिळे ठोकू नयेत.' साहेबांची साखळी गेली. दुसरी आणेपर्यंत दोन दिवस गेले, आणि त्या दोन दिवसांत साहेब सेक्रेटरींशी फक्त लेखी बोलले.

मग शिडीचा प्रश्न आला. सोसायटीची एक अॅल्युमिनियमची शिडी होती, लांब, हलकी. ती अनेक वर्षं जिन्याखाली दोन टोकांना विटांच्या थरांवर आडवी पडून असे, आणि पाण्याची टाकी साफ करणारे तिच्यावर मधोमध बादल्या ठेवत. शिडी ओंडक्यावर ठोकायच्या आधी साहेबांनी ती रीतसर तपासली. इथे त्यांच्या तपासणीची पद्धत सांगायला हवी. खात्याचा नियम असा की शंभर पोती असली तरी शंभर उघडायची नसतात. मधलं एक काढायचं, तपासायचं, आणि पूर्ण मालावर शेरा मारायचा. साहेबांनी पाणसळ आणली, शिडीच्या बरोबर मध्यावर ठेवली, आणि वाकून पाहिलं. बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध, अगदी पाळण्यातल्या बाळासारखा शांत होता. साहेबांनी वहीत लिहिलं: शिडी सरळ, ठीक.

झोळीलाही मध्यावर पाणसळ लावली तर ती सपाटच भरते, हे त्यांच्या लक्षात यायला हवं होतं. पण नमुना घेतल्यावर शंका घेणं हे नियमात बसत नव्हतं.

पहिला काप सुटला तेव्हा आवारात टाळ्या पडल्या. चिरेत पाचरी मारत, घाम पुसत, भुशाने पांढरे होत साहेबांनी चार दिवसांत चार फळ्या काढल्या. ताज्या लाकडाचा वास दुसऱ्या मजल्यापर्यंत जात होता. बायको एकदा चहा घेऊन खाली आली, फळीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "छान आहे हो." लग्नाच्या पस्तीस वर्षांत हे वाक्य तिने साहेबांच्या बाबतीत दुसऱ्यांदा वापरलं होतं. पहिल्यांदा ती त्यांच्या कोटाबद्दल बोलत होती.

साहेबांनी प्रत्येक फळीची जाडी अकरा ठिकाणी मोजली. दोन इंच. सगळीकडे दोन इंच, एका सुताचा फरक नाही. शिक्क्याच्या टेपने. त्यांनी आकडे वहीत भरले, खाली सही केली, आणि फळ्यांची टोकं तडकू नयेत म्हणून त्यांना रंग फासला. रंग पोस्टाच्या पेटीचा होता, कारण तोच घरात होता. फळ्या त्यांनी एकीवर एक रचून ठेवल्या. त्या एकमेकींवर इतक्या चपखल बसल्या की साहेबांचा ऊर भरून आला. सगळ्या सारख्याच वाकलेल्या असल्या तर त्या चपखलच बसणार, हा विचार त्या भरलेल्या उराला शिवला नाही.

रविवारी सकाळी पाहुणे आले. जावई आला, लेक आली. विहीणबाई सरळ वर गेल्या. व्याही मात्र फाटकातच थांबले, आणि त्यांच्यामागे रस्त्यावर एक टेंपो उभा राहिला. साहेबांनी विचारायच्या आत व्याही म्हणाले, योगायोगाने इकडेच यायचा होता.

सगळे रचलेल्या फळ्यांपाशी आले. साहेबांनी वरची फळी दोघांच्या मदतीने उचलून दोन ठोकळ्यांवर ठेवली आणि टेप व्याह्यांच्या हातात दिली. व्याह्यांनी जाडी मोजली. मान हलवली, दुसऱ्या टोकाला मोजली, मध्ये मोजली, पुन्हा मान हलवली. "चोख," ते म्हणाले. साहेबांनी लेकीकडे पाहिलं. लेक हसत होती. मग व्याही दोन पावलं मागे सरकले, गुडघ्यांवर हात टेकून वाकले, एक डोळा मिटला आणि फळीच्या कडेने लांबवर पाहिलं. सुतार पाहतात तसं. हे पाहणं साहेबांच्या खात्यात नव्हतं.

व्याह्यांनी खिशातलं पेन काढून फळीच्या टोकाला ठेवलं. पेन जरा विचार करून निघालं, वेग घेत मध्यापर्यंत आलं, थोडं पुढे गेलं, परत आलं, आणि मध्यावर थांबलं.

"ताटांची काही गरज नाही," व्याही म्हणाले. "भाजी सरळ मधे ओतायची, आणि सगळ्यांनी काठाला बसून जेवायचं."

जावई हसला आणि लगेच हसायचा थांबला. दुसरी फळी काढली, पेन मध्यावर. तिसरी, चौथी, पेन मध्यावर. व्याह्यांनी समजुतीचा सूर लावला. असं होतंच, म्हणाले, आपलं काम नव्हे ते. म्हणून तर मी टेंपो, म्हणजे योगायोगाने टेंपोत एक टेबल आहे.

लेकीने फाटकाकडे पाहिलं. टेंपोत खरंच टेबल होतं, गोधडीत गुंडाळून दोरीने बांधलेलं. ते काही आज सकाळी ठरलेलं नव्हतं. सासरच्या घरात बाबांवर एकाचाही विश्वास नव्हता, आणि ती चार महिने इस्त्रीच्या टेबलावर जेवत होती, हे तिच्या चेहऱ्यावर एकाच वेळी उतरलं. साहेबांनी ते पाहिलं. तराजूतली तूट त्यांना दुरून दिसे, तशी ही दिसली.

त्यांनी खिशातून खडू काढला. व्याह्यांचं समजुतीचं वाक्य अजून अर्ध्यावर होतं, तेवढ्यात त्यांनी पहिल्या फळीवर भली मोठी फुली मारली. मग दुसरीवर. चारही फळ्यांवर फुल्या मारून ते सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "नापास. सगळा माल नापास. तपासणाऱ्याची चूक." नंतर हलक्या आवाजात लेकीला म्हणाले, "ते टेबल घेऊन जा, बाळ. चांगलं असेल."

व्याह्यांची पंचाईत झाली. हरलेल्या माणसाला धीर द्यायची तयारी करून आलेल्याला, समोरचा आपणच शेरा मारून मोकळा झाला तर बोलायला काही उरत नाही. ते घाईघाईने टेंपोकडे वळले, टेबल उतरवायला लावलं, गोधडी काढली. काळंभोर, चकचकीत टेबल. सहा बाय तीन, ते म्हणाले, सहा माणसं आरामात.

साहेबांचा हात आपोआप गेला. वाईट हेतूने नव्हे. माशी बसली की हात जातो, तसा. टेपचं टोक एका कडेला लागलं, दुसरं दुसऱ्या. पाच फूट दहा इंच.

व्याही टेबलावरची धूळ झटकत म्हणाले, बाजारात याला सहाच म्हणतात. हे वाक्य साहेबांनी एकतीस वर्षांत हजारो काउंटरांवर ऐकलं होतं, आणि प्रत्येक वेळी ते संपायच्या आत त्यांचं पावतीपुस्तक उघडलेलं असे. आज त्यांनी लेकीकडे पाहिलं. टेप सर्रकन गुंडाळली आणि खिशात ठेवली. म्हणाले, असेल, उन्हाने टेप फुगते.

पण लेक त्यांच्या खांद्याशीच उभी होती, आणि आकडा तिनेही वाचला होता.

"अण्णा, तुमचं सरळ आहे, पण कमी आहे," ती म्हणाली. "बाबांचं पुरतंय, पण वाकडं आहे. आणि आम्हाला रोज रात्री जेवायला लागतं." ती टेंपोवाल्याकडे वळली. "दोन्ही चढवा. टेबल पण आणि ही वरची फळी पण. फळीचा बाक होईल. पाय आणि पॉलिश अण्णांच्या दुकानातून."

ती फुली पुसू का, असं टेंपोवाल्याने विचारलं. तिने सांगितलं, राहू दे, ती बसणाऱ्यांच्या खाली झाकली जाईल.

पंधरा दिवसांनी लेकीच्या घरी जेवण होतं. टेबलाच्या एका बाजूला खुर्च्या, दुसऱ्या बाजूला बाक. मान म्हणून दोघा व्याह्यांना बाक दिला. दोघांनी दोन टोकं धरली, मधे दोन माणसं बसतील एवढं अंतर ठेवलं, आणि हवापाण्याचं बोलू लागले. दुकानातल्या कारागिराने पॉलिश जीव ओतून केलं होतं, आरशासारखं. पोळ्या येईपर्यंत दोघांमधलं अंतर एका माणसाचं राहिलं. साहेब उठून टोकाला गेले. व्याहीही गेले. भाजी वाढेपर्यंत ते पुन्हा वाटेला लागले होते. भात आला तेव्हा खांद्याला खांदा लागला, आणि व्याह्यांचं उजवं कोपर घास उचलताना साहेबांच्या बरगडीत जाऊ लागलं.

"ओलं लाकूड आहे," व्याही खालची फळी चाचपत म्हणाले. त्यांच्या आवाजात धंद्याचं समाधान होतं. "वाळताना आणखी वाकणार."

"किती?" साहेबांनी विचारलं.

"बोटभर तरी."

साहेबांनी मान हलवली. डावा हात आखडून मांडीवर घेतला, म्हणजे व्याह्यांच्या कोपराला जागा झाली, आणि भात कालवायला घेतला. नंतर जेवण आटपेपर्यंत दोघांपैकी कोणीही उठून टोकाला गेलं नाही.